मिस आयलीनचा काढा

त्या शनिवारी मिस मर्टल मला 'मिस पिनॉक' म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी पडता पडता राहिली. किंग्स्टनमधल्या पापीनच्या बाजारात नऊ वर्षं मी तिच्याकडूनच याम घेतेय. मी कोपऱ्यावर दिसले रे दिसले की ही बाई "चॅम्प!" म्हणून अशी बोंब ठोकणार, की केळीवाल्यापासून खाटकापर्यंत सगळ्यांच्या माना वळणार. मग पिवळ्या यामचा कंद कापताना सुरी दोन बोटं पुढेच धरायची, वर दोन हिरवी केळी ठेवायची, आणि मी नको म्हटलं की खेकसायचं, "गप गं! पाय काय हवेवर धावतात?" हा आमचा ठरलेला खेळ. त्या दिवशी तिनं मागितला तेवढाच कंद कापला, कागदात गुंडाळला आणि माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "घ्या, मिस पिनॉक." मी म्हटलं, "काय गं मिस मर्टल, बरं नाहीये का?" तर म्हणे, "मला काय धाड भरलीय? तुम्हीच सकाळचा रेडिओ ऐकला नाहीत वाटतं." केळीवाला माझ्याकडे टक लावून बघत होता. मी बघितल्याबरोबर तो केळी पुसायला लागला. केळी कुणी पुसतं का?

सकाळी मी शाळेच्या मैदानावर होते, पोरींना वळणावर कसं धावायचं ते शिकवत. रेडिओ कुठला ऐकायला! बसथांब्याला लागून रमचं एक दुकान आहे, तिथं दिवसभर रेडिओ बोंबलत असतो आणि लोक फोन करकरून देश कसा चालवावा ते सांगत असतात. मी टोपी पुढे ओढून तिथं उन्हात उभी राहिले आणि दहा मिनिटांत सगळं कळलं. नऊ वर्षांपूर्वीची शर्यत. चार बाय शंभर मीटर रिले, बायकांची. तेव्हा घेतलेले नमुने कुठल्यातरी थंड देशात बर्फात ठेवले होते, ते आता नव्या यंत्रावर पुन्हा तपासले. नोव्हलेट गेलच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं. चौघींचंही सुवर्णपदक काढून घेतलं. "आणि लक्षात घ्या मंडळी," निवेदक चवीनं म्हणाला, "या बाईंना आठ महिन्यांपूर्वीच पत्र गेलं होतं. आपल्या बचावासाठी त्यांनी एक अक्षर लिहून दिलेलं नाही." दुकानातला एक म्हातारा डॉमिनोची सोंगटी टेबलावर आपटून म्हणाला, "लिहिणार काय कपाळ? पकडलेला चोर गप्पच असतो." त्याच्या समोरचा म्हणाला, "बाकीच्या तिघींचं वाईट वाटतं बाबा. एक कंद नासका निघाला, सगळी पाटी वाया." मी त्या तिघींतली एक, दोन हातांच्या अंतरावर उभी होते. कुणी ओळखलं नाही.

पदक गेल्याचं दुःख मला त्या क्षणी झालंच नाही, खोटं कशाला सांगू. नोवीचा, म्हणजे नोव्हलेटचा विचारही आधी आला नाही. आधी आला ममाच्या हाताचा वास. उकळलेल्या मुळांचा, ओल्या मातीचा, काकवीचा. मी दुकानाच्या भिंतीला हात टेकला. आता इथंच सांगून टाकते, नाहीतर मी आडवळणं घेत बसेन, मला ती खोड आहे: ते औषध नोवीच्या पोटात कसं गेलं हे मला माहीत होतं. ते माझ्या आईनं घातलं होतं. माझ्यासाठी घातलं होतं. नोवीला त्याची गंधवार्ताही नव्हती. आणि मला हे चार वर्षांपासून माहीत होतं.

आम्ही ट्रेलॉनीच्या डोंगरातले. तिथली माती लाल, याम मांडीएवढे आणि पोरी वाऱ्यासारख्या, असं किंग्स्टनचे लोक कौतुकानं म्हणतात. ममा म्हणायची, "यामच्या वेलांना काठ्या रोवून रोवून कंबर मोडली की पळून जावंसं वाटणारच, त्यात कौतुक कसलं?" तिला सगळा गाव मिस आयलीन म्हणायचा. तिच्या हाताला गुण आहे म्हणून लोक दोन-दोन डोंगर उतरून काढ्यासाठी यायचे. पोटदुखीवर रानकारल्याच्या वेलाचा काढा, तापावर पाल्याचा चहा, आणि ताकदीसाठी मुळांचा काढा. या मुळांच्या काढ्याचं मोठं प्रस्थ. चार-पाच तऱ्हेची मुळं रानातून खणून आणायची, पत्र्याच्या डब्यात सकाळपासून दिवे लागेपर्यंत उकळायची, काकवी घालायची, रमच्या जुन्या बाटल्यांत भरायचं आणि बाटल्या नऊ दिवस मातीत पुरून ठेवायच्या. मग तो असा काही कडू-तुरट व्हायचा की घोटाबरोबर कानशिलं गरम. मला लहानपणापासून त्याचा तिटकारा. नाक दाबून तोंडात धरायचे आणि ममाची पाठ वळली की केळीच्या बुंध्यात थुंकायचे. बाराव्या वर्षी मी अनवाणी पायांनी सगळ्या जिल्ह्याच्या पोरींना मागे टाकलं, तेव्हा किंग्स्टनच्या एका शाळेची माणसं येऊन आमच्या ओट्यावर बसली. फी नाही, राहायला वसतिगृह, पायात बूट. ममानं त्यांना बकऱ्याच्या मुंडीचं सूप पाजलं, त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला. "आमच्याकडून जाणारी बस तुमच्या शाळेवरून जाते का?" त्यांना वाटलं बाई भेटायला येणार. बाईला बाटल्या पाठवायच्या होत्या.

वसतिगृहात शेजारच्या खाटेवर नोवी. तिची आई विलायतेत म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची आणि वर्षातून दोनदा पिंप भरून सामान पाठवायची. साबण, तांदूळ, दुधाची भुकटी, बूट. बूट नेहमी लहान. कारण आई सोडून गेली तेव्हा नोवी सहा वर्षांची होती, आणि आईच्या डोक्यात ती वाढतच नव्हती. पोरी खोलीत जमून त्या बुटांना हसायच्या आणि नोवी सगळ्यांत मोठ्यानं हसायची. मग बूट धाकट्या पोरींना वाटून टाकायची. पंधरा दिवसांनी बसच्या ड्रायव्हरनं माझी पहिली बाटली आणून दिली. मी ती खिडकीतून ओतायला निघाले तर नोवीनं हात धरला. "काय आहे ते?" म्हटलं, "विष. आईनं केलेलं." तिनं बूच काढून वास घेतला. "स्वतः केलंय? उकळून?" "मग काय राणी येऊन उकळणार?" "दिवसभर?" "दिवसभर, आणि वर नऊ दिवस पुरून." ती खाटेवर बसली आणि डोळे मिटून सावकाश प्यायली. तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, पण थांबली नाही. मग तळहातानं ओठ पुसून म्हणाली, "तुला नको असेल तर दर वेळी मला देत जा." झालं. त्या दिवसापासून सतरा वर्षं माझ्या आईचा काढा नोवी प्यायली. आणि सतरा वर्षं मी ममाला फोनवर सांगत राहिले, "प्यायले ममा. शेवटचा थेंबसुद्धा." ममा म्हणायची, "शहाणी माझी बाय." सुट्टीत नोवी आमच्याकडेच यायची, ममाच्या मागेमागे रानात हिंडायची, कुठलं मूळ कशाचं ते मला कधी कळलं नाही, तिला सगळी पाठ. ममा तिलाही 'पोरी' म्हणायची. पण बाटली येताना तिच्यावर नाव माझं असायचं.

देशासाठी धावायला लागलो तेव्हा आम्हाला कागद दिले होते, काय खायचं नाही, काय प्यायचं नाही. सह्याही केल्या. पण मुळांचा काढा म्हणजे बाहेरची वस्तू, हे आमच्या डोक्यात यावं तरी कसं? दुकानातल्या डब्यातली भुकटी दिसली की आम्ही दहा जणांना विचारायचो. मक्याची पेज प्यायची का असं कुणी विचारतं का? तो आईचा होता, झालं. आमच्याकडच्या कुठल्याही पोरीला विचारा, ती हेच सांगेल.

माझं स्वतःचं म्हणावं असं पदक एकही नाही. शाळेचे विक्रम होते, ते पुढच्या पोरींनी मोडले. मोठ्या स्पर्धेत एकटीनं शंभर मीटर धावले तेव्हा चौथी आले. सेकंदाच्या शंभराव्या भागानं. चौथ्या नंबरावर किती एकटं वाटतं, हे पाचव्या नंबराला कळायचं नाही. ममानं ती शर्यत गावातल्या दुकानात बसून बघितली, आणि कुणीतरी टोणगा बोलून गेला, "मिस आयलीन, काढ्यात ताकद कमी पडली वाटतं." लोक हसले असतील, ती पण हसली असेल. पण तिच्या मनाला ते लागलं. तिचा मावसभाऊ सेड्रिक शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात कामाला होता. हे सगळं मला त्या वेळी माहीत नव्हतं, हे देवाच्या पायावर हात ठेवून सांगते. मला एवढंच दिसलं की पुढच्या मोसमात नोवीला पंख फुटले. संघात ती दुसरी धावायची, मी तिसरी. ती सरळ रेषा संपवून वळणाच्या तोंडाशी यायची आणि बॅटन माझ्या हातात द्यायची. किती पावलांवर ती आली की मी निघायचं, याची खूण आम्ही जमिनीवर चिकटपट्टीनं करायचो. त्या वर्षी ती खूण मला तीनदा मागे न्यावी लागली, एवढ्या वेगानं ती अंगावर यायला लागली. आमचा प्रशिक्षक म्हणाला, "नोव्हलेट, काय खातेस काय गं तू?" ती म्हणाली, "ट्रेलॉनीचा याम, कोच." आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. शर्यतीच्या दिवशी माझे केस तिनंच बांधले होते. बॅटन हातात पडली तेव्हा तिच्या तोंडून "जा!" असा एक शब्द निघाला, तो मला अजून ऐकू येतो. मी गेले. चौघी पहिल्या आलो. घरी आलो तेव्हा विमानतळापासून लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते, आणि ममा त्या गर्दीत माझ्या गळ्यातलं पदक हातात घेऊन उलटंपालटं करून बघत होती, बाजारात नाणं पारखतात तसं. "लागू पडलं," एवढंच म्हणाली. मला वाटलं, प्रार्थना लागू पडली म्हणतेय.

ममा जायच्या आधी महिनाभर अंथरुणाला खिळून होती. मी शाळेतून रजा काढून गावी होते. एक दिवस दुपारी मी तिला पेज भरवत होते तर तिनं चमचा बाजूला सारला. "पोरी, एक विचारू? रागवायचं नाही. त्या वर्षी तुला काही अपाय झाला नव्हता ना?" "कुठल्या वर्षी ममा?" "पहिली आलीस त्या वर्षी. सेड्रिककडून पूड आणली होती गं मी. घोड्यांना देतात ती. बाटलीला एक चमचा, जास्त नाही. म्हटलं, घोडं धावतं, माझी लेकही धावते. बाकी काही नाही. पण मग मलाच भीती वाटायला लागली, पोरबाळ व्हायचं आहे, काही झालं तर? म्हणून त्या वर्षानंतर बंद केली." माझ्या हातातली वाटी गार पडली. मी म्हटलं, "मला काही झालं नाही ममा." आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं. ती समाधानानं हसली. "चौथी आलेली पोर पहिली आली. आईचे हात फुकट नाही गेले." आता या बाईला मी काय सांगणार होते? की तुझ्या काढ्याचा थेंब माझ्या पोटात कधी गेला नाही? की ते सगळं दुसऱ्या कुणाच्या लेकीच्या अंगात गेलं? मी तिची उशी सारखी केली. आठ दिवसांनी ती गेली.

पदक मी तिच्या शवपेटीत ठेवलं. आत्या ओरडत होती, "जिवंत माणसाची वस्तू मेलेल्याबरोबर घालू नये गं, ते माणूस मागे ओढलं जातं." मी ऐकलं नाही. झग्याच्या आत, छातीवर ठेवलं. घरामागे फणसाच्या झाडाखाली सिमेंटची कबर बांधली, पांढरा चुना दिलेली. पेपरात फोटो आला, पाद्र्यानं भाषणात सांगितलं, मंत्री रुमालानं डोळे पुसत होता. अख्खा देश म्हणाला, लेक असावी तर अशी. आणि प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही, होतं, खूप होतं. पण तेवढंच नव्हतं. ती गोष्ट मला घरात नको होती. कपाट उघडलं की ती माझ्याकडे बघायची. म्हटलं, जिनं मिळवलं तिच्याकडे जाऊ दे, वर सिमेंट घाला, विषय संपला. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोवी त्या दिवशी कबरीपाशी माझ्यापेक्षा जास्त रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते, आणि दर महिन्याला पोर्टमोरला तिच्या घरी जाऊन तिच्याकडून वेण्या घालून घेत होते, आणि गप्प होते. चार वर्षं. आता कोण विचारतंय, असं स्वतःला समजावत होते.

बसथांब्यावरच फोन वाजला. धावपटूंच्या संघटनेतले फोर्ब्स. भला माणूस, आवाज नेहमी कुणाच्या तरी मयताला आल्यासारखा. "मिस पिनॉक, तुम्ही ऐकलंच असेल. नियमाप्रमाणे पदक परत करायचं असतं. तुमच्या बाबतीत जरा... नाजूक आहे." मी म्हटलं, "कबर फोडा म्हणताय?" "छे छे! असलं काही बोलू नका. तुम्ही एक प्रतिज्ञापत्र लिहून द्या, आम्ही समजावून सांगू वरच्यांना." "आणि नोवीचं काय?" ते म्हणाले, "चार वर्षांची बंदी. आता त्या धावत नाहीत म्हणा. पण पोर्टमोरच्या क्लबात लहान पोरांना शिकवतात ना, ते बंद. मैदानावर पाऊल ठेवता येणार नाही. सोमवारी फाईल मिटते. आम्ही आठ महिने त्यांच्या मागे लागलो होतो, मिस पिनॉक. कुणी काही दिलं असेल, चुकून गेलं असेल, काहीतरी सांगा म्हटलं. त्या नुसत्या 'काही नाही' म्हणाल्या." मी म्हटलं, "सोमवारी म्हणजे परवा." ते म्हणाले, "हो, परवा."

पोर्टमोरच्या मिनीबसमध्ये चढले तेव्हा काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "मम्मी, जरा आत सरका, अजून दोन माणसं मावतील," मावली चार. मी खिडकीला चिकटून, मांडीवर यामचा कंद. मागच्या बाकावर दोन बायकांचं तेच चाललं होतं. एक म्हणाली, "मला तिचा तोंडावळा कधीच आवडला नाही." दुसरी म्हणाली, "आई नाही ना जवळ, मग पोरं अशीच वाहवत जातात." मला वळून तिचं तोंड बंद करावंसं वाटलं. वळले नाही. वळले असते तर सांगावं लागलं असतं ना, की बाई, औषध आईनंच घातलं, फक्त ती आई तिची नव्हती, माझी होती. मी मनात दोन्ही पारडी चढवून बघत होते. सांगितलं तर उद्याच्या पेपरात ममाचं नाव येणार. जिच्या काढ्यानं अर्धा जिल्हा बरा झाला ती घोड्याचं औषध पाजणारी बाई म्हणून. दुकानात बसलेले टोणगे पुन्हा हसणार, आणि या वेळी ती उत्तर द्यायला नाही. नाही सांगितलं तर नोवी. पाण्यावरच्या लांब रस्त्यावर बस लागली, समुद्राचा खारट, कुजकट वास आत आला, आणि मला एवढंच कळलं की मेलेल्या माणसाच्या अब्रूच्या आड मी माझीच अब्रू धरून बसले आहे. लोक आईला हसतील ते मी सोसेन. पण नोवीनं विचारलं, तुला कधी कळलं, तर? त्या प्रश्नाला मी चार वर्षं घाबरत होते.

नोवीचा व्हरांडा शनिवारी भरलेला असतो. एक डोकं तिच्या गुडघ्यांमध्ये, पाच-सहा बाया वेण्यांसाठी बाकावर, खिडकीत गाणी. आज बाक रिकामा. नोवी त्याच बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती. मला बघून उठली. "आलीस? बस. डोकं बघ काय करून ठेवलंयस, कोंबडी अंड्यावर बसेल त्यात." मी खाली पायरीवर बसले. तिनं वेण्या सोडल्या, एरंडेल हातावर घेतलं, भांग पाडायला लागली. तिची बोटं नेहमीसारखीच, ना घाई ना थरथर. मला समोर तिचं फाटक दिसत होतं, आणि रस्त्यापलीकडे एका बाईनं धुणं वाळत घालता घालता आमच्याकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली.

"नोवी, रेडिओ ऐकला मी."

"सगळ्यांनीच ऐकला. सकाळपासून एक डोकं फिरकलेलं नाही. मान सरळ ठेव."

"आठ महिने तू मला एका शब्दानं बोलली नाहीस."

"बोलून काय करणार होतीस? हलू नको, भांग वाकडा जाईल."

मी फाटकाकडे बघत सांगितलं. "ते ममाच्या काढ्यातून गेलं." एवढंच वाक्य. तिची बोटं थांबली नाहीत. एक वेणी संपली, गाठ बसली, दुसरी सुरू झाली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पत्र आल्यावर पहिला महिना मी दुसरं काय केलं? सगळं लिहून काढलं. काय खाल्लं, कुणी काय दिलं. गोळ्या डॉक्टरच्या, त्यांची नोंद होती. उरला काढा. त्या वर्षातली एक बाटली माझ्या सामानात राहून गेली होती, डेल. मिस आयलीनचे गुडघे गेले आणि तिनं करायचं सोडलं ना, तेव्हा ती सापडली. न फोडता ठेवली, आठवण म्हणून."

मी मान वळवली. तिनं दोन बोटांनी पुन्हा सरळ केली.

"मग ती तपासायला द्यायची! सुटली असतीस तू! आज या बाकावर माणसं असती!"

"मोरीत ओतली."

"का गं?"

"का म्हणजे? रेडिओवर त्यांनी तिचं नाव घेतलं असतं. तिनं माझं वाईट केलं नाही, तुझं चांगलं करायला गेली. आणि तुझं काय झालं असतं? तू तिच्या छातीवर पदक ठेवलंस, अख्ख्या देशानं बघितलं. तुला कुणी सांगायचं, की ते तसं मिळालं होतं? मी सांगू? माझ्यानं नाही झालं. म्हटलं, हिला तरी आई राहू दे." ती थोडं हसली. "मला लोक चोर म्हणोत. सवय होते. पोरांचं वाईट वाटतं तेवढं. रोज संध्याकाळी मी यायच्या आधीच मैदानाच्या कुंपणाशी येऊन उभी राहतात." तिनं तेलाचा हात पुन्हा घेतला आणि मग अगदी सहज, गप्पांत विचारावं तसं विचारलं, "पण तुला कसं कळलं? रेडिओवर तर काढ्याचं नव्हतं."

"ममानं सांगितलं."

बोटं थांबली.

"कधी?"

मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. जुन्या कागदांत चिठ्ठी सापडली, सेड्रिकनं आज फोन केला, काहीही. सतरा वर्षं मी फोनवर गोड आवाजात खोटं बोललेली बाई. जीभ तयारच होती. पण नोवीच्या हातात माझे केस होते आणि ती माझ्यासाठी आठ महिने जळत राहिली होती.

"ती जायच्या आधी. चार वर्षं झाली."

मला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि वळायची माझी छाती नव्हती. मग तिचा आवाज आला, अगदी हळू. "म्हणजे पदक तू त्यासाठी पुरलंस." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "आणि मी तिथं उभी राहून रडत होते. तुझा हात माझ्या पाठीवर होता." मी पुन्हा म्हटलं, "हो."

तिनं माझ्या केसांतून हात काढले. फणी धुऊन जागेवर ठेवली, फडक्याला हात पुसले, एक एक बोट नीट पुसलं. "ऊठ."

"नोवी, अगं..."

"अर्धं डोकं झालंय. उरलेलं घरी जाऊन घाल."

मी उठले. अर्ध्या डोक्यावर वेण्या, अर्ध्यावर जंजाळ, तशीच फाटकाबाहेर आले. पलीकडची बाई आता उघड उघड बघत होती. बघू दे. मी तिथंच, फाटकाला पाठ टेकून फोर्ब्सना फोन लावला आणि नोवीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. काढा, बाटल्या, सेड्रिकची पूड, चमचा. सगळं ऐकून ते म्हणाले, "मिस पिनॉक, त्यातली एखादी बाटली आहे का?" म्हटलं, नाही. "आणि ते सेड्रिक?" म्हटलं, दोन वर्षांपूर्वी वारले. फोर्ब्सनी सुस्कारा सोडला. "मग खरं सांगू? फाईलवर याचा फार परिणाम होईल असं मला वाटत नाही. लोक म्हणतील मैत्रिणीला वाचवायला बघतेय. आणि तुमच्या आईंचं नाव मात्र कायमचं कागदावर राहील. विचार करा, अजून उद्याचा दिवस आहे."

"तुम्ही लिहून घ्या."

"नक्की?"

"कागद घ्या, मिस्टर फोर्ब्स."

कागदांची सळसळ ऐकू आली. "बरं. पेयात पूड घालणाऱ्या व्यक्तीचं पूर्ण नाव?"

"आयलीन थिओडोरा पिनॉक," मी म्हटलं. "माझी आई. आणि पुढच्या ओळीत लिहा, हे चार वर्षं लपवून ठेवणारी, डेलरोझ पिनॉक."

मागे व्हरांड्यातली फणी-तेलाची टोपली नोवीनं आत नेली आणि दार लावून घेतलं. फोर्ब्स म्हणाले, जरा हळू, लिहायला वेळ लागतो. मी पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले.